लंडन मार्केटची विमा परीक्षा द्यायचीय, खानापुरात बसून तयारी कशी करू?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. मी खानापूरची, बीकॉम बेळगावातनंच झालंय, सध्या पुण्याच्या एका ऑफिसचं काम घरातनं करते. काम म्हणजे लंडनच्या ब्रोकरची कागदपत्रं येतात, स्लिपवरचे, म्हणजे विम्याच्या कराराच्या कागदावरचे आकडे सिस्टीममध्ये नीट चढलेत का बघायचं, काही राहिलं असेल तर परत पाठवायचं. आता मॅनेजर म्हणाल्यात की ब्रिटनच्या चार्टर्ड इन्शुरन्स इन्स्टिट्यूटचा एलएम१, म्हणजे लंडन मार्केटचा पहिला पेपर दे, पुढच्या ग्रेडला उपयोग होईल. पुस्तक हातात आलंय पण दहावीपर्यंत मराठी मीडियम, इथं बँकेत गेलं की कन्नड, घरात मराठी आणि हे सगळं असलं जड इंग्लिश, पानभर वाचून झाल्यावर कोण कुणाला पैसे देतो हेच कळत नाही. लॉइड्स म्हणजे कंपनी नाही म्हणतात, मग पॉलिसी देतं कोण? रिटन लाइन आणि साइन्ड लाइन वेगळी का असते? आणि नुसता प्रश्नसंच सोडवून पास होता येतं का, की आधी आपल्या इथली, भारतीय विमा संस्थेची लायसेन्शिएट परीक्षा करावी? कुणी दिली असेल परीक्षा तर सांगा की जरा.

कॅम्पातला

लंडनची नाही पण आपली लायसेन्शिएट मी दिलीय. प्रश्नसंच पाठ कर, बास. पुस्तक वाचत बसलीस तर वेळ जाईल नुसता. त्यातला आयसी ०१ पेपर मी असाच काढला.

उद्यमबागकर

ताई, मी कमर्शियल विम्याच्या ब्रोकिंगमध्ये बरीच वर्षं आहे, गिऱ्हाईक बहुतेक बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा इकडची फाउंड्री आणि मशीन शॉपवाली मंडळी, आणि लंडनचे पेपर मीही दिलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅम्पातल्या दादांचा मार्ग त्यांना लागू पडला असेल, पण एलएम१ ला मी तो सांगणार नाही. या पेपरात चारपैकी दोन पर्याय तरी बरोबरच वाटतात आणि फरक असतो तो कोण कुणाच्या वतीने वागतोय यात. ते डोक्यात बसलेलं नसेल तर पाठांतराचा काही उपयोग नाही, प्रश्नातलं एक नाव बदललं की उत्तर बदलतं.

आधी लॉइड्सचं बघू. बेळगावच्या मार्केट यार्डात एपीएमसी स्वतः कांदा विकते का? नाही. ती जागा देते, नियम करते, लायसन देते, आणि धंदा करतात ते आतले व्यापारी आणि अडते. लॉइड्सचं तसंच आहे. १६८८ च्या सुमाराला लंडनच्या टॉवर स्ट्रीटवर एडवर्ड लॉइड नावाच्या माणसाचं कॉफी हाऊस होतं, जहाजवाले आणि व्यापारी तिथं जमायचे, तिथनं हा बाजार वाढला, १८७१ च्या कायद्याने त्याला संस्थेचं रूप आलं आणि आज लाइम स्ट्रीटवर जी पाईप बाहेर काढलेली बिल्डिंग दिसते ती १९८६ ची. पण विमा उतरवणारी ही संस्था नव्हे. जोखीम घेतात ते मेंबर, म्हणजे भांडवल लावणारे. हे मेंबर सिंडिकेटमध्ये एकत्र येतात, आणि सिंडिकेट चालवते मॅनेजिंग एजंट नावाची कंपनी, जोखीम घ्यायची का आणि कितीला ते ठरवणारा अंडररायटर त्यांच्याकडे नोकरीला असतो. सिंडिकेटला कायद्याच्या नजरेत स्वतंत्र अस्तित्व नाही, यावर प्रश्न हमखास येतो. मेंबरना भांडवल कुठं लावायचं याचा सल्ला देणारा तो मेंबर्स एजंट. मॅनेजिंग एजंट आणि मेंबर्स एजंट यात गल्लत करू नकोस, नावं सारखी वाटली तरी कामं पार वेगळी आहेत.

आणखी एक, लंडन मार्केट म्हणजे फक्त लॉइड्स असं धरून चालू नकोस. शेजारी कंपनी मार्केट आहे, जहाजमालक एकमेकांची जबाबदारी वाटून घेतात ते पी अँड आय क्लब आहेत. एकाच स्लिपवर सिंडिकेटही असतात आणि कंपन्याही.

मलप्रभाकाठ

काका हे यार्डाचं एकदम डोक्यात बसलं, थँक्यू. मग ब्रोकर कुणाचा? मी ज्यांचं काम करते ते पैसे तर विमा कंपनीकडनं घेतात, ब्रोकरेज म्हणून.

उद्यमबागकर

पैसे कुणाकडनं येतात यावरनं ठरवू नको. ब्रोकर साधारणपणे गिऱ्हाइकाचा, म्हणजे विमा घेणाऱ्याचा एजंट, ब्रोकरेज प्रीमियममधनं कापलं जात असलं तरी. कव्हरहोल्डर मात्र उलट्या बाजूचा. त्याला बाइंडिंग अथॉरिटीच्या कराराने सिंडिकेटने अधिकार दिलेला असतो की अमुक मर्यादेत तू आमच्या वतीने जोखीम स्वीकार, म्हणजे तो विमा देणाऱ्याचा एजंट. तोच माणूस काही कामात गिऱ्हाइकाच्या वतीने आणि काही कामात अंडररायटरच्या वतीने वागतो अशी केस देऊन प्रश्न विचारतात, तेव्हा त्या क्षणी तो करतोय काय ते बघायचं.

आता माझी पद्धत सांगतो, बाकी काही केलं नाहीस तरी एवढं कर. एक जोखीम घे आणि तिला सुरुवातीपासून क्लेम मिळेपर्यंत पुस्तकातनं फिरव. मी आपल्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीची घेतो. समज, ही फाउंड्री पंपाची आणि गाड्यांची कास्टिंग करते, युरोपात माल पाठवते. तिला काय काय लागेल? भट्टी, शेड, पॅटर्न, तयार माल याला आगीचा आणि इतर धोक्यांचा विमा. भट्टी बंद पडली तर बुडणाऱ्या नफ्याचा वेगळा. ट्रकनं न्हावा शेव्याला आणि पुढं बोटीनं जाणाऱ्या मालाला मरीन कार्गो. आणि कास्टिंगमध्ये दोष निघून तिकडं कुणाला इजा झाली, नुकसान झालं तर प्रॉडक्ट लायबिलिटी. या चार ओळीत तुझ्या पुस्तकातले विम्याचे बरेच प्रकार येतात.

मग ही जोखीम लंडनला जाते कशी? थेट नाही जात. भारतातल्या मालमत्तेचा विमा परदेशी कंपनीकडे परवानगीशिवाय उतरवता येत नाही, १९३८ च्या विमा कायद्यात तसं कलमच आहे. पॉलिसी देते भारतातली कंपनी, आणि जोखीम मोठी असली की ती कंपनी स्वतःचा विमा काढते, म्हणजे रीइन्शुरन्स, त्यात आपली सरकारी रीइन्शुरन्स कंपनी जीआयसी री आली, मुंबईत २०१७ पासून असलेली लॉइड्सची शाखा आली, आणि काही वाटा लंडनच्या टेबलापर्यंत पोचतो. एका ठराविक जोखमीपुरता असेल तर फॅकल्टेटिव्ह, वर्षभराच्या अख्ख्या धंद्यासाठी असेल तर ट्रीटी. इथं परीक्षेचा मुद्दा असा की फाउंड्रीच्या मालकाचा रीइन्शुररशी काही करार नाही. उद्या आग लागली तर तो लंडनला पत्र लिहू शकत नाही, त्यानं बघायचं ते आपल्या इथल्या कंपनीकडेच, आणि लंडनचे पैसे यायला उशीर झाला म्हणून त्या कंपनीला हात वर करता येत नाहीत.

शहापूर_अक्का

उद्यमबागकरांनी चांगलं मांडलंय. मी कॉमर्स शिकवते, मी कायद्याचं तेवढं सांगते कारण पोरं तिथंच अडकतात.

आपल्याकडचं आणि तिकडचं एकत्र करू नको. आपल्याकडे ६४ व्हीबी कलम आहे, प्रीमियम आधी जमा झाल्याशिवाय कंपनीने जोखीम घ्यायचीच नाही. लंडनमध्ये कव्हर सुरू होतं आणि प्रीमियम ठरलेल्या मुदतीत नंतर भरला तरी चालतो, त्यासाठी स्लिपवर प्रीमियम पेमेंटचं क्लॉज असतं. इथं काम केलेल्या माणसाचा हात पटकन आपल्या उत्तराकडे जातो.

दुसरं म्हणजे माहिती सांगण्याचं कर्तव्य. ब्रिटनचा १९०६ चा मरीन इन्शुरन्स अ‍ॅक्ट, आणि आपला १९६३ चा कायदा त्याच साच्यातला. जुना नियम असा की महत्त्वाची गोष्ट लपवली किंवा सांगायची राहिली की विमा देणारा अख्खा करारच रद्द करू शकतो. ब्रिटनने इन्शुरन्स अ‍ॅक्ट २०१५ करून हे बदललं, १२ ऑगस्ट २०१६ पासून लागू. धंद्याच्या विम्यात आता फेअर प्रेझेंटेशनचं कर्तव्य आहे, म्हणजे जे तुम्हाला माहीत आहे किंवा नीट शोधलं असतं तर कळलं असतं ते व्यवस्थित मांडायचं, हजार पानांचा गठ्ठा टेबलावर टाकून यातनं शोधा म्हणायचं नाही. चूक मुद्दाम किंवा बेफिकिरीने केली असेल तर करार रद्द आणि प्रीमियमही परत नाही. पण तसं नसेल तर खरी माहिती मिळाली असती तर अंडररायटरने काय केलं असतं त्यावर ठरतं. त्यानं विमाच दिला नसता तर करार रद्द, पण प्रीमियम परत. वेगळ्या अटी घातल्या असत्या तर त्या अटी होत्या असं धरून क्लेम बघायचा. आणि जास्त प्रीमियम घेतला असता तर क्लेम त्या प्रमाणात कमी. समज, ८ लाख घेतले, खरं कळलं असतं तर १० लाख घेतले असते, तर क्लेमचे ८० टक्के मिळतात. हे गणित येतंच.

घरगुती ग्राहकाला हा कायदा या बाबतीत लागत नाही, त्यांच्यासाठी २०१२ चा वेगळा आहे. प्रश्न वाचताना विमा घेणारा दुकानदार आहे की घरमालक हे पहिल्यांदा बघ.

आणि ब्रिटनमध्ये रेग्युलेटर दोन आहेत, १ एप्रिल २०१३ पासून. पीआरए बघते कंपनीकडे पैसे पुरेसे आहेत का, एफसीए बघते गिऱ्हाइकाशी वागणूक बरी आहे का. विमा कंपन्या आणि मॅनेजिंग एजंट दोघांच्याही देखरेखीखाली, ब्रोकर फक्त एफसीएखाली. आपलं आयआरडीएआय एकटंच सगळं बघतं, म्हणून आपल्या लोकांना हे जरा विचित्र वाटतं.

निपाणीवाला

विषय निघालाच आहे तर अंडरइन्शुरन्सचं, म्हणजे मालाच्या किमतीपेक्षा विमा कमी असण्याचं मी सांगतो कारण ते आमच्या घरानं भोगलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलतं तेव्हा आमच्या काकांच्या गोडाऊनमध्ये पण शिरलं, तंबाखूची बोदं खालच्या थरातली सगळी भिजली, तंबाखूला एकदा पाणी लागलं की वास धरतो आणि ते कुणी घेत नाही. विमा होता, पण रक्कम जुनीच चालवलेली, दरवर्षी एजंट यायचा आणि गेल्या वर्षीचाच आकडा टाकून जायचा आणि मधल्या काळात माल आणि भाव दोन्ही वाढलेले. सर्व्हेअरनं आधी भिजलेली बोदं मोजलीच नाहीत, तो पहिल्यांदा न भिजलेला माल मोजायला लागला, काका चिडले की नुकसान इकडं आहे तुम्ही तिकडं काय बघता. नंतर कळलं की गोडाऊनमध्ये एकूण किती माल होता ते काढल्याशिवाय क्लेमचं प्रमाण निघतच नाही. पैसे कमी आले, विमा कमी असल्यानं.

याला अ‍ॅव्हरेज म्हणतात, हिशोब सरळ आहे. माल ४ कोटीचा, विमा ३ कोटीचा, नुकसान ४० लाख, तर मिळणार ३० लाख, उरलेले १० लाख स्वतःचे. मालकानं तेवढी जोखीम स्वतःच घेतली असं धरतात. ताई, परीक्षेत अ‍ॅव्हरेजचं गणित आलं की आधी डोक्यात अख्खं गोडाऊन आण, मग भिजलेला कोपरा.

उद्यमबागकर

निपाणीवाले, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. सर्व्हेअर कोरडा माल का मोजतो हे कळलं की अ‍ॅव्हरेज कायमचं कळतं. जोडून एवढंच सांगतो की २०२१ च्या १ एप्रिलपासून आपल्याकडे एका जागी ५ कोटीपर्यंतची मालमत्ता असलेल्या धंद्यांना भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि ५ ते ५० कोटीपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा या पॉलिसी आल्या, त्यात १५ टक्क्यांपर्यंत विमा कमी असला तर कपात होत नाही. इथल्या फाउंड्रीवाल्यांना मी हे प्रत्येक रिन्यूअलला सांगतो. पण ताईंच्या पेपरात ही सवलत आणू नका, तिथं सरळ प्रमाण.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार. अक्का, रेग्युलेटरचं दोन ओळीत कळलं. आता लाइनचं सांगा की, ते रोज माझ्या डोळ्यासमोर असतं आणि तरी कळत नाही. स्लिपवर सगळ्यांचे टक्के मिळवले की १०० च्या वर जातात, पहिल्यांदा मला वाटलं एन्ट्री चुकली.

उद्यमबागकर

एन्ट्री बरोबर असते. ब्रोकर स्लिप घेऊन आधी लीडरकडे जातो. लीडर म्हणजे त्या प्रकारच्या जोखमीत ज्याच्या शब्दाला वजन आहे असा अंडररायटर, तो रेट आणि अटी ठरवतो, आपला टक्का लिहून शिक्का मारतो. मग ब्रोकर फॉलोअरकडे, म्हणजे लीडरच्या मागनं वाटा घेणाऱ्यांकडे फिरतो, आता हे बरंचसं कॉम्प्युटरवर होतं पण क्रम तोच. चांगली जोखीम असली की सगळ्यांना वाटा हवा असतो, आणि ब्रोकरही थोडं जास्तच गोळा करतो म्हणजे कुणी मागं हटलं तरी १०० भरलेले राहावेत. समज लीडर २०, पुढचे २५, १५, ३०, ३५. बेरीज १२५. ही झाली रिटन लाइन. पण विमा तर १०० चाच आहे, म्हणून प्रत्येकाला १०० भागिले १२५ ने, म्हणजे ०.८ ने खाली आणतात. लीडर १६, बाकी २०, १२, २४, २८. ही साइन्ड लाइन. प्रीमियम याच प्रमाणात मिळतो आणि क्लेमही याच प्रमाणात द्यायचा.

आणि इथंच मार्केटचा कणा आहे तो समजून घे. प्रत्येकाची जबाबदारी फक्त आपल्या टक्क्यापुरती. १२ वाला बुडाला तर १६ वाल्यानं त्याचं भरायचं नाही. मग गिऱ्हाइकाचं काय? लॉइड्सच्या सिंडिकेटसाठी सुरक्षेची तीन पायऱ्यांची साखळी आहे. पहिल्यांदा सिंडिकेटकडे प्रीमियमचा ट्रस्ट फंड, तो पुरला नाही तर मेंबरनं लॉइड्सकडे ठेवलेलं भांडवल, आणि तेही संपलं तर लॉइड्सचा सेंट्रल फंड, जो वापरायचा की नाही ते लॉइड्स ठरवतं. स्लिपवर कंपनी मार्केटमधली कंपनी असेल तर तिला हा सेंट्रल फंड नाही. या एका फरकावर पेपर सेट करणारे फार खूष असतात.

१९८० च्या दशकाच्या शेवटी आणि ९० च्या सुरुवातीला लॉइड्सला प्रचंड तोटा झाला, तेव्हा नेम्स म्हणजे वैयक्तिक मेंबर, ज्यांची जबाबदारी अमर्याद होती, त्यातले कित्येक देशोधडीला लागले. त्यातनं १९९४ पासून मर्यादित जबाबदारीचे कॉर्पोरेट मेंबर आले आणि जुन्या वर्षांची देणी १९९६ मध्ये इक्विटास नावाच्या कंपनीकडे काढली. हा इतिहास पुस्तकात थोडक्यात आहे पण आजचे नियम असे का आहेत ते त्यातनंच कळतं, तो भाग सोडू नकोस.

तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी माझ्याकडे अभ्यास करताना नव्हती. रोजची स्लिप. मार्केट रिफॉर्म कॉन्ट्रॅक्टचा तो कागद उघडलास की ठरलेले भाग दिसतील, रिस्क डिटेल्स, इन्फर्मेशन, सिक्युरिटी डिटेल्स, सबस्क्रिप्शन अ‍ॅग्रीमेंट, फिस्कल अँड रेग्युलेटरी, ब्रोकर रेम्युनरेशन. आतापर्यंत तू फक्त सिक्युरिटीमधले टक्के बघत असशील. आता काम करता करता वरनं खाली वाच. कोण कुणाशी बांधलं गेलंय ते प्रत्येक भागात दिसतं. गिऱ्हाइकाचे कागद घरच्या वहीत उतरवायचे नाहीत हं, ते गोपनीय असतात, आपली काल्पनिक फाउंड्री घालून तसाच कोरा साचा काढ आणि स्वतः भर.

कॅम्पातला

काका पटलं. आमच्या पेपरला एवढं खोलात जायला लागलं नव्हतं. मग लायसेन्शिएटचं काय, ताईनं ती आधी करावी का?

शहापूर_अक्का

माझ्या मते, नको. भारतीय विमा संस्थेची परीक्षा चांगली आहे, १९५५ पासूनची संस्था आहे, आणि बेळगाव-हुबळीत सर्व्हे, ब्रोकिंग किंवा सरकारी विमा कंपनीत करिअर करायचं असेल तर तीच करावी. पण हिचं रोजचं काम लंडनचं आहे. दोन्ही एकदम धरलं तर ६४ व्हीबी आणि प्रीमियम पेमेंट क्लॉज डोक्यात भांडत बसतील. एलएम१ कर, मग एलएम२, नंतर वाटलं तर इकडचं.

पुस्तक मात्र तू परीक्षा देणार त्या वर्षाच्या अभ्यासक्रमाचंच आहे ना बघून घे. सीनियरकडनं जुनी प्रत फुकट मिळते आणि कायद्याचा धडा बदललेला असतो. वाचताना प्रत्येक धड्यानंतर पुस्तक मिटून घरात कुणाला तरी मराठीत समजावून सांग, आईला सांग. सांगताना जिथं अडखळशील तेवढंच परत वाच. इंग्लिश उत्तर आपोआप ओळखू येतं, पर्याय समोर असतात ना.

निपाणीवाला

लायबिलिटीचं पण बघ, क्लेम्स मेड आणि लॉसेस अकरिंग. माझा भाऊ तिकडंच चुकलाय.

उद्यमबागकर

हो, ते राहिलंच होतं. फाउंड्रीचं कास्टिंग २०२२ मध्ये गेलं, २०२३ मध्ये तिकडं ते तुटून माणूस जखमी झाला, नोटीस आली २०२५ मध्ये. लॉसेस अकरिंग असेल तर इजा झाली त्या वर्षाची, २०२३ ची पॉलिसी बोलते. क्लेम्स मेड असेल तर नोटीस आली त्या वर्षाची, २०२५ ची, आणि त्यात रेट्रोअ‍ॅक्टिव्ह तारीख, म्हणजे जिच्या आधीच्या घटना धरत नाहीत ती, कुठली आहे ते बघायचं. ब्रिटनमध्ये पब्लिक आणि प्रॉडक्ट लायबिलिटी बहुधा पहिल्या प्रकारची, प्रोफेशनल इंडेम्निटी, म्हणजे व्यावसायिक सल्ल्यातल्या चुकीची, दुसऱ्या. माल कधी बनवला ते २०२२ साल प्रश्नात फसवायलाच घातलेलं असतं.

ताई, आता तुला एक गणित. स्लिपवर लीडर २० टक्के, पण त्यानं लाइन टू स्टँड असं लिहिलंय, म्हणजे माझी लाइन कमी करायची नाही. पुढचे ४०, ३५, २५. साइन्ड लाइन काढ, आणि ५० लाख डॉलरचा क्लेम आला तर ३५ वाला किती देणार ते सांग.

मलप्रभाकाठ

लीडरचे २० तसेच. उरले ८०, आणि बाकीच्यांची बेरीज १००, म्हणजे त्यांना ०.८ नं खाली. ३२, २८, २०. एकूण १०० झाले. ३५ वाल्याची साइन्ड २८, म्हणून १४ लाख डॉलर. बरोबर का काका? आणि तो देऊ शकला नाही तर बाकीचे तिघं त्याचे १४ लाख भरणार नाहीत, तो लॉइड्सचा असेल तर साखळी बघायची, कंपनी असेल तर सेंट्रल फंड नाही.

उद्यमबागकर

अगदी बरोबर. आता हेच सगळ्या चौघांनी टू स्टँड लिहिलं असतं तर ब्रोकरची काय अडचण झाली असती ते लिहून काढ, उद्या बघतो.